दंतविमा नसताना हिरड्यांचा आजार: घरची काळजी कुठवर पुरते?

पायवाट (धागालेखिका)

सर्वांना नमस्कार. हिरड्यांच्या आजाराबद्दल कोणी विचारले की बहुतेक वेळा एका ओळीत उत्तर मिळते, "दंतवैद्याकडे जा." उत्तर चूक नाही. परंतु ज्याच्याकडे दंतविमा नाही आणि प्रत्येक भेटीचे पैसे ज्याला पदरचे मोजावे लागतात, त्याचे खरे प्रश्न त्या उत्तरानंतर सुरू होतात. किती वेळा जायचे, आधी काय करून घ्यायचे, काय थोडे थांबू शकते, आणि दोन भेटींच्या मधल्या काळात घरी नेमके काय करायचे? मी त्यातून गेले आहे आणि अजून जात आहे, म्हणून समजले तेवढे सविस्तर लिहिते. जाणकारांनी माझ्या चुका दाखवाव्यात, ही विनंती.

दात घासून चूळ टाकली की बेसिनमधल्या फेसाला गुलाबी छटा दिसायची, तिथून माझी सुरुवात झाली. खालच्या पटाशीच्या दातांमागे जीभ फिरवली की खडबडीत कड लागायची. रक्त येते म्हणजे हिरडी दुखावली आहे, तिला जरा विश्रांती द्यावी, असे समजून मी नेमक्या त्याच जागी ब्रश हलका केला आणि पुढे तिथे तो लावणेच सोडून दिले. जवळजवळ आठ महिने असे गेले. दुखत काहीच नव्हते. दुखत नाही म्हणून खर्च पुढे ढकलला जातो, आणि तेवढ्या अवधीत आतले हाड झिजत राहते.

शेवटी एका दाढेजवळची हिरडी बोटाने दाबल्यावर पू आला, तेव्हा मी गेले. त्या तपासणीतला एक प्रसंग मला स्वच्छ आठवतो. डॉक्टरांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक, बोथट टोकाची सळई प्रत्येक दाताभोवती सहा जागी हिरडीच्या आत हलकेच उतरवली. त्या मोठ्याने आकडे सांगत होत्या आणि सहायक ते कागदावर उतरवून घेत होती. "तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार." मागच्या दाढांपाशी आल्यावर डॉक्टरांचा आवाज तोच राहिला, पण आकडे वाढले: "पाच, चार, सहा." नंतर त्यांनी समजावून सांगितले, की निरोगी हिरडीत ही खोली एक ते तीन मिलिमीटर असते. ती चार किंवा त्याहून अधिक भरली आणि तिथून रक्तही आले, की हिरडीने दात सोडायला सुरुवात केली आहे आणि मध्ये खिसा तयार झाला आहे, असे धरतात. माझ्या तोंडात अशा अकरा जागा निघाल्या.

दोन बैठकांत स्केलिंग, म्हणजे दातांवर साचून कठीण झालेला थर (कीटण) खरवडून काढण्याचे काम, झाले. तीन आठवड्यांपूर्वी दुसरी बैठक संपली. गॉजवर काढून ठेवलेले कीटण मला दाखवण्यात आले. हिरडीच्या वरचे पिवळसर होते आणि हिरडीखालचे काळपट, खडीच्या कणांसारखे कठीण होते. कोणत्याही ब्रशने, पेस्टने किंवा गुळणीने ते निघाले नसते, हे पाहताक्षणी पटले. माझे मत असे झाले आहे, की हाती मोजके पैसे असतील तर ते गुळण्यांच्या बाटल्यांवर आणि खास पेस्टवर न घालवता एका नीट तपासणीसाठी आणि स्केलिंगसाठी राखून ठेवावेत. बाकी सगळे काम आपल्या हातांचे आहे आणि त्याला पैसा फारसा लागत नाही. हे मत कितपत बरोबर आहे, आणि ते हातांचे काम कसे करावे, यावर चर्चा व्हावी.

निरभ्र

मी बरीच वर्षे दंतचिकित्सेच्या कामात काढली आहेत, त्यामुळे आपल्या मताला दुजोरा देताना एक फरक स्पष्ट करतो, कारण त्या फरकावरच पुढचे सगळे अवलंबून आहे.

हिरड्या लाल होणे, सुजणे आणि घासताना त्यांतून रक्त येणे हा पहिला टप्पा आहे. त्याला हिरड्यांचा दाह म्हणावे. यात हाडाला धक्का लागलेला नसतो आणि हा टप्पा पूर्णपणे बरा होतो. दुसऱ्या टप्प्यात दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजते, खिसे तयार होतात, पुढे दात हलू लागतात. लोक ज्याला पायरिया म्हणतात तो हा टप्पा. यात गेलेले हाड सहसा परत येत नाही, मात्र झीज थांबवता येते आणि वर्षानुवर्षे थांबवून ठेवता येते.

पहिला टप्पा घरच्या साफसफाईने परतवता येतो, हे १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने फार सरळपणे दाखवले. डेन्मार्कमधल्या आरहूस येथे हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात स्वच्छ करणे थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्याच हिरड्यांना दाह झाला. दात घासणे पुन्हा सुरू करताच थोड्याच दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या पूर्ववत झाल्या. म्हणजे रक्त येणाऱ्या जागी ब्रश लावणे सोडले, तर तो प्रयोग आपण स्वतःवरच करत असतो. रक्त येणे ही तिथे साफसफाई कमी पडत असल्याची खूण आहे. तिथे हात हलका ठेवावा, पण जागा सोडू नये.

कीटणाबद्दल आपण जे पाहिले तेही बरोबर आहे. दातावर जंतूंचा जो मऊ, चिकट थर सतत तयार होतो त्याला प्लाक म्हणतात आणि तो ब्रशने निघतो. तो तसाच राहिला, तर लाळेतल्या खनिजांमुळे काही दिवसांतच कठीण होऊ लागतो आणि त्याचे कीटण बनते. लाळग्रंथींची तोंडे खालच्या पटाशीच्या दातांमागे आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला उघडतात, म्हणून कीटण तिथे सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त साचते. आपल्या जिभेला लागलेली कड तीच होती.

शिंपला

मला एक साधी शंका आहे. मी दिवसातून दोनदा, चांगले जोर लावून दात घासतो, तरीही हिरड्यांतून रक्त येते. मग कमी काय पडते आहे?

निरभ्र

बहुधा जोर जास्त पडतो आहे आणि जागा चुकते आहे. आपण दाताचा मधला, गुळगुळीत भाग घासतो, कारण तो आरशात दिसतो. आजार मात्र दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर आणि दोन दातांच्या मधल्या फटीत सुरू होतो.

चार्ल्स बास नावाचे अमेरिकेतील एक वैद्य होते. ते न्यू ऑर्लिन्समधल्या तुलेन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता होते. १९४० साली निवृत्त झाल्यावर त्यांनी दातांच्या स्वच्छतेचा अभ्यास हाती घेतला. त्यांनी सांगितलेली ब्रश धरण्याची पद्धत आजही शिकवली जाते, आणि ती शिकायला पैसे पडत नाहीत. मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्यावा. केसांची टोके हिरडीच्या कडेला साधारण ४५ अंशांत टेकवावीत, म्हणजे निम्मे केस दातावर आणि निम्मे हिरडीच्या काठावर येतील. मग टोके जागची न हलवता ब्रशला अगदी आखूड, थरथरल्यासारखी हालचाल द्यावी. एका वेळी दोन किंवा तीनच दात घ्यावेत, तिथे दहा-पंधरा वेळा अशी हालचाल करावी आणि मग पुढे सरकावे. पटाशीच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरावा. मूठ आवळून ब्रश धरला की जोर आपोआप वाढतो, म्हणून तो लेखणीसारखा बोटांत धरून पाहावा. नव्या ब्रशचे केस महिनाभरातच बाहेर फाकत असतील तर जोर जास्त पडतो आहे असे नक्की समजावे. जोराने प्लाक जास्त निघत नाही. उलट हिरडी खाली सरकते आणि मुळाचा भाग उघडा पडतो.

विजेवर चालणाऱ्या ब्रशचा उपयोग होतो का, हा प्रश्न पुढे येईलच, म्हणून आताच सांगतो. उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली प्रसिद्ध केला. त्यात साध्या ब्रशच्या तुलनेत तीन महिन्यांनंतर प्लाक २१ टक्के आणि हिरड्यांचा दाह ११ टक्के कमी आढळला. फायदा आहे, पण ज्याचा हात थरथरतो किंवा बोटे आखडलेली आहेत त्याच्यासाठी तो मोठा आहे. बाकीच्यांनी आधी पद्धत सुधारावी आणि ते पैसे स्केलिंगसाठी ठेवावेत, असे माझे मत आहे.

मोरपीस

फटींविषयी मी लिहिते, कारण माझ्या बाबतीत खरा फरक तिथेच पडला. ब्रश कितीही चांगला चालवला तरी त्याचे केस दोन दातांच्या मध्ये पोहोचत नाहीत. तिथे दोरा, म्हणजे फ्लॉस, किंवा बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा अगदी छोटा इंटरडेंटल ब्रश लागतो.

दोरा मी सुरुवातीला वरून खाली करवतीसारखा ओढत असे आणि हिरडी कापून घेत असे. योग्य रीत अशी, की साधारण ४५ सेंटिमीटर दोरा घेऊन तो दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळावा, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर ताणलेला तुकडा ठेवावा आणि तो हळूहळू मागेपुढे करत फटीत उतरवावा. मग तो एका दाताला लपेटून, हिरडीच्या काठाच्या किंचित आत नेऊन, वर-खाली फिरवावा आणि त्यानंतर त्याच फटीतल्या दुसऱ्या दाताला लपेटून पुन्हा तेच करावे. एका फटीला दोन भिंती असतात, हे लक्षात ठेवले की निम्मे काम राहून जात नाही.

जिथे हिरडी खाली गेल्यामुळे फट रुंद झाली आहे तिथे मात्र दोऱ्यापेक्षा छोटा ब्रश अधिक उपयोगी पडतो, कारण दाढांच्या मुळांच्या बाजू आत वळलेल्या असतात आणि ताणलेला दोरा त्या खोलगट भागाला टेकतच नाही. ब्रश फटीत सहज, पण किंचित अडून गेला पाहिजे आणि त्याची तार दाताला घासता कामा नये. माझ्या पुढच्या दातांना एक माप लागते आणि दाढांना दुसरे. हा ब्रश धुऊन, वाळवून पुन्हा वापरता येतो आणि केस झिजेपर्यंत टिकतो.

पहिल्या चार दिवसांत जवळपास प्रत्येक फटीतून रक्त आले आणि मी घाबरले होते. दहाव्या दिवशी ते बहुतेक जागी थांबले. ज्या जागी थांबले नाही, तिथे स्केलिंगच्या वेळी कीटण निघाले.

पायवाट (धागालेखिका)

मोरपीस, आपल्या शेवटच्या वाक्यावरून एक गोष्ट सुचली. मी दातांचा एक साधा नकाशा कागदावर काढते. वर सोळा आणि खाली सोळा चौकोन काढायचे आणि दर रविवारी रात्री फटी साफ करताना जिथे रक्त येईल तिथे लाल फुली मारायची. म्हणजे घरच्या काळजीने काय सुधारते आहे आणि काय हट्टाने तसेच आहे, हे नजरेसमोर राहील. पहिल्या रविवारच्या फुल्या मोजल्या, त्या एकतीस भरल्या.

पहाटवारा

गुळण्यांविषयी माझा अनुभव लिहितो, तो इतरांना सावध करण्यासाठी उपयोगी पडावा. हिरड्या सुजल्या तेव्हा मी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाची गुळणी सुरू केली. सूज उतरली, तोंडाची दुर्गंधी गेली आणि मला वाटले की उपाय सापडला. दंतवैद्याकडे जाणे त्यामुळे सहज पुढे ढकलले गेले. तीन महिन्यांनी आरशात पाहिले तेव्हा दातांच्या फटींत आणि हिरडीच्या काठाने तपकिरी रेषा उमटल्या होत्या आणि जेवणाची चव बोथट झाली होती. नंतर कळले की हे या औषधाचे नेहमीचे परिणाम आहेत आणि साधारणपणे ते दोन ते चार आठवड्यांच्या पलीकडे सल्ल्याशिवाय वापरू नये. डाग पॉलिश करून निघाले आणि चवही परत आली. पण खिशांमधले कीटण जिथल्या तिथे होते, कारण गुळणीचे औषध खोल खिशात उतरतच नाही.

निरभ्र

पहाटवारा यांनी फार महत्त्वाची गोष्ट मांडली. क्लोरहेक्सिडिन हे स्केलिंगनंतरच्या काही दिवसांपुरते, किंवा हिरडी इतकी दुखते आहे की ब्रश लावणे अशक्य आहे अशा थोड्या काळापुरते चांगले औषध आहे. पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या द्रव्यामुळे त्याचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून दात घासल्यावर किमान अर्धा तास जाऊ द्यावा.

मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी आराम पडतो आणि त्या निर्धोक आहेत. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरे. मात्र त्यांनी प्लाक निघत नाही. लिंबू किंवा व्हिनेगर दातांवर चोळू नये, कारण आम्लामुळे दाताचे कवच झिजते. खरखरीत पूड आणि कोळशाची भुकटी हिरडीखाली उघड्या पडलेल्या मुळाला ओरबाडतात. लवंगेचे तेल न पातळ करता हिरडीला लावल्यास ती भाजते. कोणाच्या तरी उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या घेणे हा तर सर्वांत वाईट मार्ग आहे. दातावर चिकटून राहिलेल्या जंतूंच्या थरावर गोळ्यांचा परिणाम फार कमी होतो. सूज तात्पुरती उतरते आणि मूळ कारण आत राहते.

उंबरठा

मला एक कबुली द्यायची आहे, कारण हा विचार इतरांच्याही मनात येत असेल. स्केलिंगचा खर्च वाचावा म्हणून मी धातूच्या टोकदार आकड्यांचा एक संच मागवला आणि आरशासमोर बसून स्वतःच कीटण खरवडू लागले. खालच्या पुढच्या दातांवरचा एक तुकडा खरोखर निघाला, आणि त्या आनंदात मी हिरडीच्या खालीही टोक घातले. आकडा घसरला आणि हिरडीत रुतला. दुसऱ्या दिवशी ती जागा सुजली, चौथ्या दिवशी तिथे गळू झाले. अखेर जो खर्च टाळायचा होता त्याच्या दुप्पट झाला. डॉक्टरांनी सांगितले, की कीटणाचा चुरा मीच खिशात खोल ढकलला होता आणि मुळावर चरेही पाडले होते. कृपया कोणीही हे करू नये.

निरभ्र

मनापासून सांगितल्याबद्दल आपले आभार. चिकित्सकाला ही हत्यारे हाताळायला वर्षे लागतात, आणि तोही दुसऱ्याच्या तोंडात पाहून काम करतो. आरशात उलटे पाहून स्वतःच्या हिरडीखाली ते जमत नाही.

याच अनुषंगाने, स्केलिंगने दात सैल होतात, ही समजूतही दूर करावीशी वाटते, कारण तिच्यापायी अनेकजण पैसे असूनही जात नाहीत. हिरड्या सुजलेल्या असताना फटी झाकलेल्या असतात आणि कीटणाने दात एकमेकांना सांधल्यासारखे होतात. कीटण काढले आणि सूज उतरली, की हाड आधीच गेल्यामुळे पडलेल्या फटी दिसू लागतात आणि दात किती हलतो आहे ते जाणवते. नुकसान आधीच झालेले असते. सफाईनंतर ते उघड होते एवढेच. काही दिवस थंड पाणी दातांना झोंबते, तेही बहुधा हळूहळू कमी होते.

सांजवेळ

माझ्या आजोबांनी आयुष्यभर ब्रश हाती धरला नाही आणि त्यांचे दात शेवटपर्यंत शाबूत होते. त्यामुळे हा सगळा आजार आनुवंशिकच असावा आणि आपण उगाच इतकी मेहनत घेतो, असे मला कधी कधी वाटते. मी हे वाद घालण्यासाठी विचारत नाही. मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

निरभ्र

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्याच हाराल्ड लोए यांच्या दुसऱ्या एका अभ्यासात आहे. दात स्वच्छ करण्याची सवय नसलेल्या श्रीलंकेतील ४८० चहामळा कामगारांच्या हिरड्यांची त्यांनी १९७० ते १९८५ या काळात वेळोवेळी तपासणी केली. सुमारे ११ टक्के लोकांचा आजार हिरड्यांच्या दाहापुढे गेला नाही, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने वाढला आणि ८ टक्क्यांचा फार वेगाने वाढला. म्हणजे आपले आजोबा त्या ११ टक्क्यांतले असतील, पण आपण कोणत्या गटात आहोत हे हाड गेल्यावरच कळते. ज्यांच्या घरात आई-वडिलांचे दात लवकर हलून पडले, त्यांनी तर स्वतःला वेगवान गटातलेच धरून चालावे.

मोरपीस

आनुवंशिकतेपेक्षाही आपल्या हातात असलेल्या दोन गोष्टींचा उल्लेख राहून गेला आहे. माझ्या वडिलांना मधुमेह आहे. त्यांची साखर वाढली की हिरड्या सुजतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही, हे आम्ही घरात पाहिले आहे. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४ अंकांनी खाली येतो, असा २०२२ सालच्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष आहे. म्हणून मधुमेहाच्या डॉक्टरांनाही हिरड्यांबद्दल सांगावे. रक्तदाबासाठी घेतल्या जाणाऱ्या अम्लोडिपिनसारख्या काही गोळ्यांनी, तसेच फिट्स येऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइनने हिरड्या वाढू शकतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, पण डॉक्टरांच्या कानावर जरूर घालावे.

दुसरी गोष्ट तंबाखूची. माझे पती धूम्रपान करत होते तेव्हा त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत नसे आणि त्यामुळे सगळे ठीक आहे असे आम्ही समजत होतो. धूम्रपानाने हिरडीतला रक्तपुरवठा आणि दाहाची प्रतिक्रिया दबते, म्हणून रक्त येण्याची खूणच झाकली जाते. त्यांनी सोडल्यावर काही आठवड्यांनी रक्त दिसू लागले, तेव्हा सोडल्यामुळेच बिघडले असे वाटून ते पुन्हा सुरू करणार होते. ज्यांनी नुकते सोडले आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे.

उंबरठा

पैशांच्या बाजूने काही लिहावे असे वाटते, कारण माझ्या चुकीनंतर मला हे शिकावे लागले. दंतमहाविद्यालयांत विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. तिथे खर्च बराच कमी येतो. वेळ मात्र भरपूर द्यावा लागतो, कारण प्रत्येक पायरी शिक्षक तपासतात. माझी एक बैठक तीन तास चालली, पण इतक्या बारकाईने माझे तोंड आधी कोणी पाहिले नव्हते. सार्वजनिक रुग्णालयांत दंतविभाग असतो का, याचीही चौकशी करावी.

खासगी ठिकाणी गेल्यास पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांगावे, की माझ्याकडे विमा नाही, उपचारांचा क्रम आणि प्रत्येकाचा अंदाजे खर्च लेखी द्या. मी विचारले तेव्हा डॉक्टरांनी चार वेगवेगळ्या दिवशी तोंडाचा एकेक भाग करण्याची आणि तसेच पैसे देण्याची सोय करून दिली. खिशांच्या मोजमापाच्या कागदाची आणि एक्स-रेची प्रत मागून घ्यावी. पुढे दुसरीकडे जावे लागले तर तेच पुन्हा करण्याचा खर्च वाचतो. दात पांढरे करणे किंवा न दुखणाऱ्या जुन्या फटीचे सुशोभन हे थांबू शकते. पू, हलणारा दात आणि खोल खिसे मात्र थांबू शकत नाहीत.

शिंपला

हलणारा दात काढून टाकणे स्वस्त पडते, म्हणून काढूनच टाकावा का?

निरभ्र

त्या दिवसाचा खर्च कमी असतो, हे खरे आहे. परंतु मोकळ्या जागेकडे शेजारचे दात झुकतात, समोरच्या जबड्यातला दात लांबतो, चावण्याचा भार उरलेल्यांवर येतो आणि जागा भरून काढायची ठरवली की खर्च अनेक पटींनी वाढतो. किंचित हलणारा दात खोल सफाईनंतर पुष्कळदा घट्ट होतो, कारण हलण्याचा काही भाग सुजेमुळे असतो. म्हणून सफाईनंतर काही आठवडे थांबून पुन्हा मोजमाप करावे आणि मग निर्णय घ्यावा. दात वर-खालीही हलत असेल, तर तो वाचण्याची शक्यता फार थोडी असते.

आणि कृपया हे सर्वांनी वाचावे. चेहरा किंवा जबड्याखालचा भाग सुजणे, ताप येणे, तोंड उघडता न येणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होणे, यांपैकी काहीही झाले तर घरचा कोणताही उपाय न करता त्याच क्षणी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. तो संसर्ग गळ्यात उतरला तर जीवावर बेतते. ब्रश न लावताही हिरड्यांतून आपोआप रक्त वाहणे, अंगावर निळसर डाग उठणे आणि सतत थकवा हे एकत्र आढळले, तर आधी रक्ताची तपासणी करून घ्यावी, कारण रक्ताच्या काही गंभीर आजारांची सुरुवात अशी दिसते.

सांजवेळ

माझी बहीण गरोदर आहे आणि तिच्या हिरड्या फार सुजल्या आहेत. बाळंतपण होईपर्यंत थांबावे, असे घरात सगळे म्हणत आहेत.

निरभ्र

थांबू नये. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे हिरड्या प्लाकला जास्त तीव्रतेने प्रतिसाद देतात. या काळात स्केलिंग सुरक्षित आहे, मधले तीन महिने सर्वांत सोयीचे. दंतवैद्यांना गरोदरपणाची कल्पना द्यावी. उलट्या होत असतील तर उलटीनंतर लगेच ब्रश न करता साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने दात घासावेत.

पायवाट (धागालेखिका)

सहा आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे. रात्री झोपण्यापूर्वी आधी फटी आणि मग ब्रश, असा क्रम ठेवला. सुरुवातीला वीस मिनिटे लागत, आता सात-आठ लागतात. बासची पद्धत पहिले काही दिवस हाताला जमत नव्हती. ब्रशची टोके सतत सरकत होती, तेव्हा डोळे मिटून केवळ हिरडीला काय जाणवते त्यावर लक्ष दिले आणि तिथून जमू लागले.

काल रात्री सहावा रविवार होता. एकतीसपैकी सहा फुल्या उरल्या आहेत. त्यांतल्या चार एकाच दाढेभोवती आहेत, तीच, जिथे सहाचा आकडा आला होता. तिच्या मागच्या बाजूला छोटा ब्रश नेला की अजूनही रक्त येते आणि हलका वास येतो. बाकी हिरड्यांचा रंग फिकट गुलाबी झाला आहे आणि पुढच्या दोन दातांमध्ये पूर्वी न दिसणारी बारीक फट दिसते. निरभ्र यांनी आधी सांगितले नसते तर मी तिला घाबरले असते.

निरभ्र

सहावरून एकतीसकडे परत जायचे नसेल तर रोजचा क्रम असाच राहू द्यावा. त्या एका दाढेच्या बाबतीत मात्र आपल्या हातांची मर्यादा आली आहे. दोरा किंवा छोटा ब्रश हिरडीखाली फार तर दोन-तीन मिलिमीटर पोहोचतो. सहाच्या खिशाचा तळ त्याच्या बराच खाली आहे. बहुधा तिथे मुळांच्या दुभाजकापाशी कीटणाचा कण राहिला असावा. पूर्ण तोंडाची सफाई पुन्हा करून घ्यायची गरज नाही. पुनर्तपासणी करून फक्त त्या दाढेची खोल सफाई करता येईल का, असे विचारावे. खर्चही तेवढ्यापुरताच येईल. त्यानंतर निदान वर्षभर दर तीन महिन्यांनी मोजमाप व्हावे. प्रत्येक वेळी पूर्ण स्केलिंग लागेलच असे नाही.

पायवाट (धागालेखिका)

आजच दूरध्वनी करून तसे विचारले. येत्या गुरुवारची वेळ मिळाली आहे आणि एकाच दाढेचे काम करायला त्या तयार आहेत. जाताना पहिल्या मोजमापाचा कागद आणि सहा रविवारचे नकाशे बरोबर नेत आहे. त्या दाढेचा नवा आकडा इथे कळवीन.